दान आणि पाळी



वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सुरू झाली आणि तेथून ती महाराष्ट्रातल्या गावोगावी पसरली. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा साधारण रिवाज आहे. आमची गणना पहिल्या वर्गात होण्यासारखी नाही. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटावर आणि गेटसभांत झाले. तेव्हा आज आपल्यापुढे जे ठेवणार आहोत त्यात पांडित्य शोधू नये. तीस वर्षे वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाला माणसाच्या चांगुलपणाविषयी जे समजले, तेवढेच सांगावयाचे आहे. वर्गणी मागणाऱ्यास माणूस जितका कळतो तितका कीर्तनकारासही कळत नसेल, असे आम्हांस कधी कधी वाटते. कीर्तनात सर्वच जण माना डोलावतात. पावतीपुस्तक काढले म्हणजे मात्र प्रत्येकाचा स्वभाव निराळा दिसतो.

चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा : सामान्य माणसांनी समाजासाठी केलेली सत्कृत्ये. विषय गोड आहे, आणि म्हणूनच धोक्याचाही आहे. चार हृदयस्पर्शी गोष्टी सांगाव्या, श्रोत्यांचे डोळे ओले करावे आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, असा मोह होतो. तो आम्ही टाळणार आहोत. माणूस चांगला आहे की नाही, हा प्रश्नच आम्ही आज घेत नाही. त्याचा निकाल पूर्वीच लागला आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस आठवा. मुंबईत सांताक्रुझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, लाखो माणसे वाटेत अडकलेली. त्या रात्री झोपडपट्टीतल्या माणसांनी गळ्याएवढ्या पाण्यात दोर बांधून अनोळखी लोकांना पलीकडे नेले. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होते त्यांनी वरच्या माळ्यावर चहा केला आणि तो रस्त्यावरच्यांना दिला. कोणी कोणाची जात विचारली नाही, आडनाव विचारले नाही. संकट आले म्हणजे साधा माणूस चांगला वागतो, हे सिद्ध करण्याची आता गरज राहिलेली नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. सव्वीस तारखेचा चांगुलपणा सत्तावीस तारखेला कोठे जातो? पुराचे पाणी ओसरले की तोही ओसरतो काय? आणि ज्या दिवशी पूर नाही, आग नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही, अशा उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत शेजारच्या माणसाच्या उपयोगी कसे पडावयाचे? आमच्या मते सामान्य माणसाच्या सत्कृत्याची खरी परीक्षा तेथे आहे.

या परीक्षेत उतरलेली जी कामे आम्ही पाहिली व वाचली, त्या सर्वांत एक गोष्ट समान आढळली. त्या कामांत दान नव्हते, पाळी होती. दान म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. देणारा वर, घेणारा खाली. देणाऱ्याचा हात पालथा, घेणाऱ्याचा उताणा. पाळीचे तसे नाही. गिरणीत दिवसपाळी आणि रात्रपाळी असते, तीत कोणी उपकारकर्ता नसतो आणि कोणी उपकृत नसतो. आज तुझी पाळी, उद्या माझी. आज मी उचलतो, उद्या मला उचलावे लागेल. ज्या सत्कृत्यात करणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलू शकतात, ते सत्कृत्य टिकते आणि त्यात कोणाची मान खाली जात नाही. एवढेच आमचे आजचे म्हणणे आहे. आता त्याचे पुरावे पाहू.

ही कल्पना आम्ही कोठल्या परदेशी ग्रंथातून उचललेली नाही. आपल्या खेड्यात ती पूर्वीपासून आहे. इर्जिक हा शब्द येथील जुन्या मंडळींना ठाऊक असेल. एखाद्याची पेरणी वा नांगरट मागे पडली, बैल दगावला, घरात दुखणे आले, म्हणजे गावातले शेतकरी आपापले नांगर घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम उरकून टाकत. मालकाने जेवण घालावयाचे, मजुरी मागावयाची नाही. दुसरा शब्द सावड. तुझा बैल आणि माझा बैल एका जुवाला, आधी तुझे रान मग माझे. सावडीत कोणी कोणावर उपकार केले असे म्हणत नाहीत. सावड केली, एवढेच म्हणतात. भाषा किती नेमकी असते पाहा! शब्दातच बरोबरी आहे.

तिसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, ते म्हणजे आहेराची वही. लग्नात कोणी किती आहेर केला हे लिहून ठेवतात. शहरातले शिकलेले लोक या वहीला हसतात; प्रेमाचा हिशेब कसला ठेवता, म्हणतात. आम्ही पूर्वी हसलो नाही आणि आता तर मुळीच हसत नाही. ही वही लोभाची नसते. ज्याने आज आपल्याला दिले त्याच्या घरच्या कार्यात आपण रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून ती ठेवलेली असते. गरिबाने घेताना ताठ मानेने घेता यावे, यासाठी काढलेली ती युक्ती आहे.

याचा एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात यंत्रावर काम करताना आमचा एक सभासद दगावला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. नुकसानभरपाईचे प्रकरण लांबले. दरम्यान सोबत्यांनी एकेक दिवसाचा पगार काढला आणि ती रक्कम घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने पैसे हाती घेतले नाहीत. म्हणाली, “भाऊ, आधी यादी द्या. कोणी किती दिले ते नावानिशी लिहून द्या. लिहून ठेवले नाही तर ती भीक होते.” आम्ही तेथेच बसून यादी उतरवून दिली, तेव्हा त्या वहिनींनी पैसे घेतले. पुढे कित्येक वर्षे त्या यादीतला कोणी इस्पितळात पडला म्हणजे त्याच्या खाटेपाशी डबा घेऊन त्या हजर असत. रकमेची फेड त्यांना शक्य नव्हती, पाळीची फेड त्यांनी केली. सहकार्य या विषयावर आम्ही पुष्कळ वाचले आहे, पण ‘लिहून ठेवले नाही तर ती भीक होते’ याहून नेमके वाक्य अद्याप भेटलेले नाही.

खेड्यातली ही सावड शहरात आली तेव्हा तिचे काय झाले, ते आता पाहू. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली कावसजी दावर यांनी केली. पुढच्या काळात कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरच्या घाटावरून माणसांचे लोंढे गिरणगावात आले. पुरुष एकटे येत, बायकामुले गावी राहत. एकट्याच्या पगारात खोली परवडत नसे. मग एका गावचे लोक मिळून चाळीत एक खोली घेत. कोणी तिला गाळा म्हणत, कोणी गावाची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या जागेत वीस-तीस माणसे. भिंतीला फळ्या, फळीवर प्रत्येकाची ट्रंक, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर अंग टाकत. आमचे वडील साचेखात्यात होते. अशाच खोलीत त्यांची उमेदीची वर्षे गेली.

या खोलीची व्यवस्था कोण पाहत असे? ज्यांना सही करतानाही घाम फुटे, अशी माणसे पाहत असत. दरमहा वर्गणी, तिची वही, वर्षाकाठी हिशेबाची सभा. नव्याने आलेल्या पोराला काम लागेपर्यंत खोलीभाडे माफ. काम लागले की त्याने वर्गणी सुरू करावयाची आणि पुढच्या नव्या पोराला सांभाळावयाचे. कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोचविण्याचा खर्च, कोणी वारला तर त्याच्या क्रियाकर्माचा खर्च त्या वहीतून होई. शिल्लक राहिली तर गावातल्या शाळेची कौले, विहिरीचा काठ, देवळाचा सभामंडप. कोकणातल्या कित्येक खेड्यांत शाळेच्या भिंतीवर ‘मुंबईकर मंडळी’ असा दगड आजही दिसतो. त्या दगडामागे एखादा धनिक नसतो. रात्रपाळीच्या पगारातून दरमहा बाजूला काढलेली नाणी असतात.

खोलीत झोपण्याची सोय झाली, जेवणाचे काय? ते काम बायकांनी केले. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका आपल्या दहा फुटांच्या संसारात दहा-पंधरा परक्या पुरुषांचे दोन वेळचे जेवण रांधीत. पगार झाला की पैसे. संप झाला, बदली कामगाराला हजेरी मिळाली नाही, तर ताट थांबत नसे. हिशेब पुढच्या पगारावर जाई. म्हणजे कामगाराच्या संपाची पहिली झळ या बायकांच्या चुलीला लागे आणि ती त्या सोसत. मात्र वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज त्यांच्या मानेवर बसे. आमच्या चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे छापली गेली, संपाच्या तारखा छापल्या गेल्या; ज्यांच्या उधारीवर तो संप उभा होता त्यांची नावे फारशी कोणी छापली नाहीत.

या बायकांचे दुखणे ओळखले ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून त्या कामगार चळवळीत आल्या होत्या. १९७५ साली त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण तारण नसलेल्या बाईला बँक दारात उभी करीत नव्हती. मंडळाने मार्ग काढला तो सावडीचाच होता. बायकांचे गट करावयाचे आणि गटातल्या बायकांनी एकमेकींना जामीन राहावयाचे. तारण काय, तर शेजारणीचा शब्द. या शब्दावर राष्ट्रीयीकृत बँकेने कर्जे दिली आणि सावकाराचा फास सैल झाला. आज बचतगट सर्वत्र झाले आहेत व त्यांवर पुस्तकेही निघाली आहेत. गिरणगावातल्या बायकांनी ते तत्त्व पोळपाटावर सिद्ध करून दाखविले होते.

पुण्याकडे वळलो तर तेथेही हाच धडा आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांची संघटना, हमाल पंचायत, डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. या पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र काढले. कष्टकऱ्याला पोटभर, चांगले आणि परवडेल असे जेवण विकत मिळावे, हा हेतू. ‘विकत’ हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारतो. ते अन्नछत्र नव्हते. तेथे ताट घेणारा पैसे मोजून घेतो, म्हणून भाजी खारट झाली तर तसे सांगू शकतो. अन्नछत्रातल्या माणसाला ते सांगता येत नाही. फुकटाच्या ताटात मीठ जास्त झाले तरी गोडच मानावे लागते, आणि गरिबीतला अर्धा अपमान तेथेच असतो.

हे केवळ आपल्याकडचे वेड आहे, असे कोणी समजू नये. इंग्लंडात तेव्हाच्या लँकेशायर परगण्यात रॉचडेल नावाचे गिरण्यांचे गाव होते. १८४४ साली तेथे अठ्ठावीस माणसे एकत्र आली. त्यांत विणकर होते, इतर कारागीर होते. वाणी पिठात भेसळ करी, मापात मारी आणि उधारीने गळा आवळी. या लोकांनी आठवड्याला दोन-तीन पेनी बाजूला टाकून माणशी एक पौंड जमविला. अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये दुकान उघडले. माल काय? लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. एवढ्यावर गावातले दुकानदार हसले. नियम मात्र पक्के होते : चोख माल, पुरे माप, रोखीचा व्यवहार, सभासदाला एक मत—मग त्याचे भांडवल कितीही असो—आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे आपली तत्त्वे या दुकानापासून घेतली. शेजाऱ्याला चोख पीठ पुरे तोलून देणे, हेही सत्कृत्यच आहे आणि ते रोज करावे लागते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्हां युनियनवाल्यांकडूनच जास्त येतो. ही कामे सरकारची आहेत. लोकांनी आपसांत वर्गणी काढून ती केली तर सरकार हात झटकून मोकळे होईल. आक्षेप खरा आहे. कारखान्यात माणूस मेला तर भरपाई मालकाने दिली पाहिजे. सोबत्यांच्या वर्गणीने ती जबाबदारी संपत नाही. पण इतिहास सांगतो की सरकारकडून हक्क मिळविण्याची तालीमही बहुधा अशाच वहीत होते. वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगारांनी व पोलाद कामगारांनी १८९० साली वैद्यकीय साहाय्य मंडळ काढले. दर आठवड्याच्या पगारातून ठरावीक वर्गणी कापावयाची आणि त्यातून डॉक्टर, औषध, इस्पितळ सर्वांना मिळावयाचे. हळूहळू जवळजवळ सगळे गाव त्यात आले. त्याच गावचा, लहानपणी खाणीत उतरलेला अनायरिन बेव्हन पुढे इंग्लंडचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने सगळ्या देशासाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. गावाने जे वर्गणीवर केले तेच देशाने करावर केले.

आपल्याकडचा दाखला हवा तर रोजगार हमीचा घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याची योजना चालविली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात ही छोटीशी कपात दिसते. दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळावे म्हणून शहरातल्या कारकुनाने दरमहा काढलेली ती वर्गणी होती; कारकुनाला मात्र हे कोणी नीट समजावून सांगितले नाही, म्हणून तो कपातीकडे पाहून कुरकुरत राहिला. वही असून भागत नाही, ती वाचूनही दाखवावी लागते. २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता या चित्राची दुसरी बाजू दाखविली नाही तर आम्ही आपल्याशी प्रामाणिक राहिलो नाही, असे होईल. सावड कोणाशी करीत? आपल्या भावकीशी, आपल्या आळीशी. गावाची खोली कोणाची? बहुतेक ठिकाणी ती एका गावातल्या एका जातीची असे. पाळी होती, पण पाळीचे रिंगण लहान होते, आणि रिंगणाबाहेरच्याला दार बंद होते. गिरणीतही तसेच. साचेखात्यात पगार चांगला, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. म्हणजे जे कामगार एकमेकांसाठी संपात उपाशी राहत, ते एका धोट्याला तोंड लावावयास तयार नव्हते! १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी सांगताना आमच्या चळवळीने हे पान चिकटवून ठेवता कामा नये. ते उघडून वाचले पाहिजे.

म्हणून दान आणि पाळी एवढाच फरक करून थांबता येत नाही. पाळीत कोणकोण आहे, हा दुसरा प्रश्न लगेच विचारावा लागतो. आपली जात, आपली गल्ली, आपला देव एवढ्यापुरता चांगुलपणा हा वाईट नव्हे, पण तो अपुरा आहे. १९८२ साली हे रिंगण थोडे मोठे झालेले आम्ही पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. पगार बंद झाला तशी माणसे गावाकडे परतली आणि ज्या गावांना त्यांनी चाळीस-पन्नास वर्षे मनिऑर्डरी पाठविल्या होत्या, त्या गावांनी त्यांना पोसले. घाटावरच्या शेतकऱ्यांनी धान्याची पोती दिली; गिरणीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांनीही दिली. तो संप जिंकला गेला नाही. गिरण्याही पुढे एकामागून एक गेल्या आणि त्यांच्या जागेवर उंच इमारती आल्या. पण त्या गावांनी संप जिंकेल म्हणून पोती दिली नव्हती. त्यांची पाळी होती, ती त्यांनी पुरी केली.

आता शेवटी या सभागृहातल्या प्रत्येकाला करता येईल अशा एका कामाकडे येतो. ज्यात पाळी आहे, वही आहे आणि रिंगण नाही, असे एक सत्कृत्य आपल्या हाताशी आहे. ते म्हणजे रक्तदान. कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली रक्ताचे गट शोधून काढले. ए, बी, एबी आणि ओ हे गट आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. या गटांत जात नाही, धर्म नाही, गाव नाही. बाटलीवर देणाऱ्याचे नाव नसते, आणि घेणाऱ्याला आभार कोणाचे मानावे हे कळत नाही. ज्याने आज दिले त्याच्या मुलाला उद्या लागले तर तिसराच कोणी दिलेले असते. फेड त्याच माणसाला करावयाची नाही, पुढच्या माणसाला करावयाची. धोट्याला तोंड लावू न देणाऱ्या समाजाला यापेक्षा सुंदर उत्तर असू शकत नाही.

पूर्वी आपल्या देशात रक्त विकत मिळे. उपाशी माणूस पैशासाठी पुन्हा पुन्हा रक्त विकी; त्याचीही हानी, घेणाऱ्यालाही रोगाची भीती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली याविषयी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणारे दाते बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढीतला प्रत्येक थेंब कोणी ना कोणी विनामोबदला दिलेला असावा, असा नियम आहे. हे मोठे काम झाले. पण येथेही दानाचीच वृत्ती आड येते. आम्ही शिबिरे केव्हा भरवितो? पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, जयंतीला, पुण्यतिथीला. एका दिवशी मंडपात रांग लागते, फोटो निघतात. पण रक्त पिंपात साठविता येत नाही. नेहमीच्या रीतीने ठेवलेले रक्त ३५ दिवस टिकते. लाल पेशी वेगळ्या करून विशिष्ट द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. आणि प्लेटलेट तर अवघे ५ दिवस. म्हणजे एका जयंतीचे रक्त दुसऱ्या जयंतीपर्यंत पुरत नाही. तिकडे थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याचा आजार कोणाच्या वाढदिवसाची वाट पाहत नाही.

त्यातही एप्रिल-मे हे महिने सर्वांत वाईट. महाविद्यालये बंद, कचेऱ्यांतले लोक रजेवर, ऊन कडक. शिबिरे होत नाहीत आणि रक्तपेढ्यांच्या फळ्या रिकाम्या पडतात. ज्या वसंतात आपण येथे व्याख्याने ऐकतो, नेमका तोच काळ. तेव्हा आमची सूचना अशी आहे. या व्याख्यानमालेने एक वही घालावी. बारा पाने, बारा महिने. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते, बाकीची तपासणी रक्तपेढी करते. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापला महिना निवडून त्या पानावर नाव घालावे. जयंतीचा महिना नको, रिकामा महिना निवडावा. ज्यांना वयामुळे वा दुखण्यामुळे रक्त देता येत नाही, त्यांनी ती वही सांभाळावी आणि ज्याची पाळी आली त्याला आठवण करावी. आमच्या अनुभवाने सांगतो, वर्गणीदार मिळतात. दारोदार आठवण करणारा मिळत नाही. निवृत्त मंडळींनी हे काम घेतले तर त्यांचे पुण्य देणाऱ्याहून तिळभर कमी नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? अठ्ठावीस पौंडांनी तरी काय होणार होते? खोलीतल्या वर्गणीने काय होणार होते? सामान्य माणसाजवळ देण्यासारखे थोडेच असते, म्हणून त्याने एकदम पुष्कळ देण्याचा हव्यास धरू नये. थोडे द्यावे, ठरल्या दिवशी द्यावे, लिहून द्यावे आणि कोणाला वगळू नये. मोठ्या दात्याचे नाव संगमरवरावर कोरतात. ते कोरू द्या, त्याने त्याचे काम केले. आपले नाव वहीत असावे, आणि त्याच वहीत घेणाऱ्याचेही नाव असावे, म्हणजे पुढे कोणी पान उलटले तर देणारा कोण आणि घेणारा कोण हे त्याला ओळखता येऊ नये.

आम्ही येताना एक कोरी वही बरोबर आणली आहे. ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो. पहिले पान मे महिन्याचे आहे.